गिरजाघराच्या पायाला पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या गिरजाघराची देखभाल करणाऱ्या मावशीचे. ती माझी नात्याची मावशी नव्हे. तिचं घर ख्रिस्ती, आमचं कुणब्याचं. पण सगळं गावच तिला मावशी म्हणायचं, तसा मीही म्हणू लागलो. तिचा नवरा त्या गिरजाघरात उपदेश करायचा. तो गेल्यावर मंडळीच्या, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांच्या, कमिटीनं किल्ली तिच्याकडे ठेवली आणि इमारतीला मागून चिकटलेली एक खोली तिला राहायला दिली. झाडलोट, दिवाबत्ती, रविवारी उपासनेच्या आधी सतरंज्या अंथरणं, ही तिची कामं. अकोल्याच्या बोर्डिंगात ती सातवीपर्यंत शिकली होती, आणि आमच्या गावात त्या वयाच्या बायांमध्ये चष्मा लावून पुस्तक वाचणारी ती एकटीच होती.

आमचं गाव मूर्तिजापूरपासून आत, काळ्या जमिनीत. घर एका खोलीचं. आईबाबा शेतात गेले की अभ्यासाला बसायला जागा नसायची असं नाही, पण लहान भावंडं, कोंबड्या, शेजारच्या बाया यांच्यात अभ्यास होत नसे. मावशीनं मला एक दिवस गिरजाघराच्या वऱ्हांड्यात बसवलं आणि मग बसवतच गेली. मी वाचायचो आणि ती गहू निवडता निवडता ऐकायची. चुकलो की वर न पाहता म्हणायची, "परत वाच. घाई कशाची आहे तुले? गाडी सुटून राहिली का?"

गावात लोक आईला टोचायचे, "पोट्टं बाटवतीन ते लोकं." आई म्हणायची, "बाटलं तं बाटलं, पास तं होते!"

मला कोणी बाटवलं नाही. बारावीनंतर अमरावतीला इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला जायचं होतं, तेव्हा बाबा ऑफिसच्या दारात चपला काढून उभे राहिले आणि आत येईनात. मावशी सोबत आली होती. तिनं पदर सारखा केला, खिडकीशी गेली आणि क्लार्कला विचारलं, "साहेब, कोणता कागद कमी आहे तेवढं सांगा. बाकी आमी आणतो." तीन खिडक्या तिनं अशाच पार केल्या. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो. हे सगळं आधी सांगितलं कारण पुढचं सांगताना मला हे विसरता येऊ नये.

आता त्या इमारतीविषयी. फोटोत चर्च दिसतात तसं ते नाही. उंच मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. शंभरेक माणसं जमिनीवर दाटीवाटीनं बसतील एवढा लांबट दिवाणखाना, त्यावर छपराला आधार देणाऱ्या सागवानी कैच्या आणि वर मातीचे कवेलू. जोतं काळ्या दगडाचं, भिंती विटांच्या आणि चुन्याच्या, दीड हात जाड. उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की मानेवरचा घाम थंड व्हायचा. खिडक्यांच्या कमानी टोकदार आहेत, पण ज्या गोऱ्या मिशनरी साहेबानं ते बांधून घेतलं त्याच्या देशातल्या वाटत नाहीत. त्या बांधणारे गवंडी बाळापूरकडचे मुसलमान होते असं सांगतात. साहेबानं कागदावर काढून दिलं आणि त्यांच्या हाताला जी कमान ठाऊक होती ती त्यांनी बांधली. गावच्या मशिदीची कमान आणि गिरजाघराची कमान शेजारी ठेवली तर बहिणी वाटाव्यात. घंटेऐवजी वऱ्हांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. त्यावर लोखंडी सळई मारली की आवाज शिवारात पोचतो.

हे गावातलं दुसरं गिरजाघर. पहिलं पडलं. ही गोष्ट मावशीनं मला किती वेळा सांगितली असेल. दुष्काळात खडी फोडायला आलेल्या माणसांकडून साहेबानं पहिली इमारत बांधून घेतली, ती आपल्या देशातल्या रीतीनं. दोन-तीन उन्हाळ्यांत भिंती फाटल्या आणि एके दिवशी मागची बाजू बसली. तिचे दगड अजून आवारात चिंचेखाली पडून आहेत. दुसऱ्या वेळी म्हाताऱ्या गवंड्यानं साहेबाला अट घातली. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा, आणि इमारत झाल्यावर दर उन्हाळ्यात पायाला पाणी द्यायचं. कापूस वेचून शेतं रिकामी झाली, जमिनीला पहिल्या बारीक भेगा दिसल्या, की सुरू करायचं आणि पावसापर्यंत सोडायचं नाही.

त्यासाठी भिंतीपासून हातभर अंतरावर चारही बाजूंनी उथळ चर होता, मुरूम भरलेला. मावशी संध्याकाळी विहिरीवरून बालट्या आणून त्यात ओतायची. एका दिवशी एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. आधी तिचे सासरे हे करायचे, मग नवरा, मग ती. उन्हाळ्यात गावाला प्यायच्या पाण्याची ओढ असे, त्यामुळे ती धुण्याभांड्याचं पाणीही साठवून त्यात टाकायची. गावाला ही मोठी गंमत वाटे. पारावरचे लोक विचारायचे,

"काय वो मावशी, देवाले तहान लागली काय?"

"देवाले नाही रे, मातीले लागली."

"मंग फुटवे फुटले का देवळाले? औंदा एकरी किती होईन?"

"तुह्या तुरीपेक्षा जास्तच होईन," असं म्हणून ती रिकामी बालटी घेऊन परत विहिरीकडे जायची.

मी हसत नसे. पण मनातून मला तो एक जुना, भाबडा रिवाज वाटायचा, पायरीवर नारळ फोडावा तसा.

पदवी झाल्यावर मी अमरावतीत एका बांधकाम सल्लागाराकडे लागलो. चारेक वर्षांनी मंडळीच्या कमिटीचं बोलावणं आलं. इमारतीची डागडुजी करायची होती, आणि "आपल्या गावचाच इंजिनीअर आहे" म्हणून मला विचारायचं ठरलं. मी नवा शर्ट घालून गेलो. माझ्याच गावात, ज्या वऱ्हांड्यात मी बाराखडी वाचली तिथे, मला खुर्ची दिली गेली. सेक्रेटरी माझ्या वडिलांच्या वयाचे, ते मला सर म्हणाले. त्या खुर्चीची जी गुर्मी मला चढली, ती पुढच्या सगळ्याचं मूळ आहे.

भिंतींचा गिलावा गुडघ्यापर्यंत फुगून सुटला होता. मी बोट लावलं, माती झाली. बाजूला पाण्याचा चर दिसला. झालं, माझं निदान पक्कं. मी दोन पानांचा अहवाल दिला. त्यात लिहिलं, की भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा आणि पायाभोवती पाणी टाकणं ताबडतोब बंद करावं. ओल खरं तर कवेलूवरून पडणाऱ्या पावसाच्या शिंतोड्यांची होती. पन्हळ लावली असती तर काम भागलं असतं. वर पाहायचं मला सुचलं नाही, कारण खाली मला हवं ते उत्तर सापडलं होतं.

अहवाल मी बैठकीत मोठ्यानं वाचला. मावशी दाराशी बसली होती. पाण्याचं वाक्य आलं तशी ती म्हणाली,

"पाणी बंद नको करू बाप्पा. काळी मागते उन्हाळ्यात. नाही देल्लं तं ते भिंतीखालून घेते."

मी म्हणालो, "मावशी, हे शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळणार ते."

दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, "मावशीची बालटी रिटायर झाली आता!" आणि मग सगळेच हसले. मावशीही थोडी हसली. जन्मात पहिल्यांदा मी तिला 'तुम्ही' म्हटलं होतं, आणि ते मान म्हणून नव्हतं.

ती म्हणाली, "तू म्हणतं तं बंद." आणि त्या उन्हाळ्यात तिनं खरंच बंद केलं. मी सांगितलं होतं म्हणून.

आता लाजेची गोष्ट अशी, की मला हे शिकवलेलं होतं. काळी माती ओलीनं फुगते, वाळली की आकसते, म्हणून पायाभोवतीचा ओलावा वर्षभर सारखा राहिला पाहिजे, असं उत्तर मी तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले होते. पण ते उत्तर आणि मावशीची बालटी या दोन गोष्टी एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही. एक पुस्तकातलं होतं आणि दुसरं एका म्हातारीच्या हातातलं.

पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या कोपऱ्यावर केसाएवढी रेघ आली. ती मी गिलाव्याची मानली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सेक्रेटरींचा फोन आला, मी मोटरसायकलनं गेलो. भेग जोत्यापासून निघून खिडकीच्या कमानीतून वर कैचीपर्यंत गेली होती. वरच्या बाजूला माझा अंगठा आत जात होता. मी बाहेर जाऊन जमीन पाहिली. भिंत आणि माती यांच्यामध्ये फट पडली होती. मी सळई घातली, ती सहज हातभर खाली गेली. माती कोरडी ठणठणीत. त्याच क्षणी मला ते परीक्षेतलं उत्तर आठवलं, आकृतीसकट. म्हणजे त्या दिवशीची कमिटीची बैठक सुरू व्हायच्या आधी मला खरं कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे बोललो ते अज्ञानानं बोललो असं कोणी समजू नये.

बैठकीत सगळे घाबरलेले होते. पडलेल्या पहिल्या इमारतीचा विषय निघाला. मग सेक्रेटरी म्हणाले, "मले तं सरळ दिसते. इतके वर्स पाणी टाकून टाकून पाया नासवला बाईनं. सर, बरोबर ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मावशी त्याच जागी, दाराशी होती.

मी म्हणालो, "पाण्याचा परिणाम असू शकतो."

एवढंच. चार शब्दांचं वाक्य, आणि ते कागदावर लिहिलं तर त्यात खोटं असं काही सापडायचं नाही. पाणी दिल्याचा की पाणी थांबवल्याचा, हे मी सांगितलं नाही. पण तिथे बसलेल्या प्रत्येकानं ते कसं ऐकलं हे मला कळत होतं, आणि तसंच ऐकलं जावं असं मला त्या वेळी वाटत होतं.

एकजण मावशीकडे वळून म्हणाला, "ऐकलं ना वो, सर काय म्हणून राहिले?"

मावशी माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं. माती तिनं माझ्या आधी पाहिली असणार. ती म्हणाली, "सर म्हणतात तं असंन." मग उठून तिनं कोपऱ्यातल्या सतरंज्या गोळा केल्या, घडी घातली आणि खोलीत गेली. मला ती कधीच सर म्हणाली नव्हती.

त्या बैठकीत दोन ठराव झाले. इमारत पाडून सिमेंटचा नवा हॉल बांधायचा, आणि धोक्याच्या इमारतीला लागून कोणी राहू नये म्हणून मावशीची खोली रिकामी करायची. दुसऱ्या ठरावाचं कारण काळजीचं होतं, पण लोकांच्या तोंडी दुसरंच कारण होतं. "देऊळ बुडवलं म्हातारीनं," असं मी किराणा दुकानात माझ्या कानांनी ऐकलं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन घरी आलो.

जूनमध्ये तिचा भाचजावई तिला अकोल्याला घेऊन गेला. जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे, त्यांचं घर आहे. ती गेली त्या दिवशी मी गावात होतो. आई म्हणाली, "चाल, मोटारीपर्यंत तरी जाऊन येऊ." मी डोकं दुखतं म्हणालो. आई एकटी गेली. परत आल्यावर ती सरळ चुलीशी गेली.

इमारत पाडायला कागद लागतो. ती धोकादायक आहे असं इंजिनीअरनं लिहून द्यायचं. त्यासाठी नियमाप्रमाणे मी मे महिन्यातच भेगेवर आडव्या तीन काचपट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. भेग हलली की काच फुटते, म्हणजे भिंत अजून सरकते आहे हे कळतं. श्रावणात पाहायला गेलो. तिन्ही काचा फुटलेल्या होत्या, पण भेग वाढल्यामुळे नव्हे. ती मिटत आली होती. जिच्यात माझा अंगठा जायचा तिच्यात आता पोस्टकार्डही सरकेना. पावसाचं पाणी पिऊन माती फुगली होती आणि तिनं भिंत होती तिथे आणून ठेवली होती. इमारत मोडलेली नव्हती. तिला फक्त उन्हाळ्यात पाणी हवं होतं.

काचांचे तुकडे मी कागदात बांधून घरी आणले. कोणाला सांगितलं नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला. नाताळची उपासना वऱ्हांड्यासमोर मांडव घालून झाली, आत कोणाला जाऊ दिलं नाही.

फेब्रुवारीत सेक्रेटरींचा फोन आला. "सर, सगळं तयार आहे. तुमची एक सही तेवढी राह्यली. रविवारपर्यंत देऊन टाका."

मी म्हणालो, "जरा थांबलो तर?"

"कशासाठी? नवीन हॉलचं डिझाइन तुमचंच राहीन ना. दगडावर तुमचं नाव टाकून राहिलो आमी, पाळकांच्या खाली. गावाचं पोट्टं म्हणून!"

खरं सांगतो, फोन ठेवल्यावर पहिली पाच मिनिटं मी तो दगड डोळ्यांसमोर पाहत होतो. कोणत्या अक्षरात असेल, पदवी पुढे लावतील का. मग मला स्वतःची किळस आली. मी सही केली नाही. कमिटीला अहवाल लिहायला बसलो आणि दोन दिवसांत पूर्ण केला. या वेळी त्यात माझी चूक माझ्या नावानं लिहिली.

मग मावशीला लिहिलं. फोन केला असता, पण तिला आता ऐकू कमी येतं. फोन स्पीकरवर असतो आणि भाची मध्ये बसून तिला ओरडून सांगते. हे दुसऱ्यानं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. वाचायला तिला अजून कोणी लागत नाही. पत्र असं होतं:

*मावशी,*

*सलाम. तब्येत बरी असेल. आई तुझी आठवण काढते.*

*गिरजाघराची पश्चिमेची भिंत फाटली ती तुझ्या पाण्यानं नाही. मी पाणी बंद करायला लावलं म्हणून फाटली. हे मला बैठकीच्या आधीच कळलं होतं. जमिनीत सळई घालून पाहिली तेव्हाच कळलं होतं. तरी मी बैठकीत तसं बोललो. इंजिनीअर चुकला असं लोकांनी म्हणू नये म्हणून बोललो. तुला काय होईल याचा विचार माझ्या मनात आला होता आणि तरीही मी बोललो. हे लपवलं तर हे पत्रही खोटं होईल.*

*तू मोटारीत बसून गेलीस त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं.*

*पावसाळ्यात भेग मिटली. मी श्रावणात पाहिली आणि सहा महिने गप्प राहिलो, ही तिसरी चूक. पहिली, पाणी बंद करायला लावण्याची, अकलेची म्हणता येईल, बाकीच्या दोन तशा नाहीत.*

*कमिटीला मी लिहून दिलं आहे की इमारत पाडायची गरज नाही, आणि पाणी बंद करण्याचा सल्ला माझा होता व चुकीचा होता. नक्कल सोबत जोडली आहे. तू ती भाचीला आणि जावयालाही वाचून दाखव, त्यांच्याही कानावर गावचं बोलणं गेलं असेल. येत्या रविवारी उपासनेनंतर मी मंडळीसमोर उभा राहून हेच तोंडी सांगणार आहे. पाळकांची परवानगी घेतली आहे. कमिटी माझं ऐकेल का, ते सांगता येत नाही. सेक्रेटरी चिडले आहेत. अमरावतीहून दुसरा इंजिनीअर आणू म्हणतात. आणला तर त्याला मी काचा दाखवीन.*

*तुझी खोली तुला परत द्यावी असंही लिहिलं आहे. तू यायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. तिथे कोण काय बोललं ते तुला माहीत आहे. यायचं की नाही ते तू ठरव. पण दार तुझ्यासाठी बंद राहू नये.*

*माफी मागतो. ती द्यावीस असा आग्रह करण्याचा मला हक्क नाही.*

*एक विचारायचं आहे, आणि विचारायला लाज वाटते. होळी जवळ आली, जमीन आताच तडकायला लागली आहे. कमिटीचा निर्णय होईपर्यंत चर कोरडा ठेवून चालणार नाही, म्हणून दर शनिवारी-रविवारी जाऊन मी पाणी टाकणार आहे. बाकीच्या दिवशी आई टाकते म्हणाली. पण किती टाकायचं ते आम्हाला माहीत नाही. पुस्तकात ओलावा सारखा ठेवावा एवढंच लिहिलं आहे. कोणत्या बाजूपासून सुरू करायचं, एका बाजूला किती बालट्या, आणि पुरे झालं हे मातीकडे पाहून कसं ओळखायचं, हे तू एका कार्डावर लिहून पाठवशील का? पश्चिमेला तू जास्त द्यायचीस असं मला वाटतं. पण नक्की सांगता येत नाही. इतकी वर्षं मी तिथेच बसून वाचत होतो, आणि तू काय करतेस ते मी कधी नीट पाहिलं नाही.*

*तुझा*